माजघरातला अरोकेरिया

बेळगावातल्या शहापूरच्या जुन्या गल्ल्यांतली घरं आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागं एक खोल्या जोडत गेलेली. पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, त्यामागं न्हाणी आणि परडं. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, म्हणून तिथं खिडकीचा प्रश्नच येत नाही. आमचं घरही याच घडणीचं. सोप्यात रस्त्याकडून उजेड येतो, स्वयंपाकघरात परड्याकडून. माजघरापर्यंत जो पोचतो त्यात भर दुपारीसुद्धा दिवा लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत. याच माजघरात गेली काही वर्षं आम्ही एक अरोकेरिया वाढवतो आहोत. झाड हिरवं आहे, वाढतं आहे. अंधाऱ्या घरात असं झाड जगवण्यासाठी काय काय करावं लागतं हे मला कुणी एका जागी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून हे लिहिते आहे.

झाड आमच्याकडं आलं ते कॅम्पात राहणाऱ्या ओळखीच्या एका कुटुंबाकडून. ते वास्कोला राहायला गेले तेव्हा एवढी मोठी कुंडी नेणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांच्या व्हरांड्यात ते चांगलं चार फूट झालं होतं, दर नाताळला त्यावर चांदण्या लागायच्या. माझे सासरे, मामंजी, यांचं अंथरूण माजघरात आहे. पाय साथ देत नाहीत म्हणून त्यांना परड्यापर्यंतही जाता येत नाही. आयुष्यभर खानापूरकडच्या शेतात, झाडाझुडपांत वावरलेला माणूस दिवसभर चार भिंती बघत पडून राहतो, हे आम्हा सगळ्यांनाच सोसत नव्हतं. झाड त्यांच्या नजरेसमोर हवं, एवढं आधी ठरलं. बाकी सगळं त्यानंतर.

नर्सरीत याला सरसकट 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. देवदार किंवा चीड यांच्या कुळातलं हे झाड नव्हे, अरोकेरिया हे वेगळंच कूळ. मूळ ठिकाण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या मधलं नॉरफोक बेट. कॅप्टन कुक 1774 साली तिथं पोचला तेव्हा हे सरळसोट बुंधे जहाजांच्या डोलकाठ्यांना कामी येतील असं त्याला वाटलं होतं, प्रत्यक्षात ते लाकूड त्या कामाला टिकलं नाही. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत याच्याच नावावर बरेचदा न्यू कॅलेडोनियातला त्याचा भाऊबंद, कुक पाइन, विकला जातो. लहान असताना दोघांत फरक करणं कठीण. बंगळूरच्या लालबागेत अरोकेरियाची उंचच उंच झाडं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना कुंडीतलं हे रोप पुढं काय होऊ शकतं याची कल्पना येईल. मोकळ्या जमिनीत ते पन्नास मीटरच्या वर जातं. कुंडीत, घरात, वर्षाला वीतभर वाढलं तरी खूप.

या झाडाची घडण नीट समजून घ्यायला हवी, कारण काळजीची सगळी सूत्रं तिच्यातच आहेत. मधला एकच शेंडा सरळ वर जातो आणि ठरावीक अंतरावर चार ते सात फांद्यांचं एक वर्तुळ फुटतं. आम्ही घरात त्याला 'मजला' म्हणतो. खालचा मजला एकदा सुकून गळला की त्या जागी पुन्हा काही येत नाही. जास्वंद छाटली की फुटते, तगर फुटते, तसं इथं नाही. म्हणजे उजेड कमी पडला, माती एकदा कडकडीत वाळली, तर त्याची खूण झाडावर कायमची राहते.

आणि उजेड कमी पडतो आहे हे कळतच नाही. झाड पानांत उजेडावर साखर करतं आणि जगण्यासाठी ती खर्च करतं. उजेड एका मर्यादेच्या खाली गेला की जमेपेक्षा खर्च जास्त होतो. तरी झाड लगेच मान टाकत नाही. साठवलेल्यावर काही महिने काढतं, मग जुन्या फांद्या सोडून देऊ लागतं. तोवर घरातल्यांची खात्री पटलेली असते की 'याला अंधार चालतो'. शेवटी फांद्या गळायला लागल्या की सगळे पाण्याला किंवा खताला दोष देतात.

म्हणून मी सुरुवात मोजण्यापासून केली. मोबाइलमध्ये उजेड मोजायचं ॲप घेता येतं, आकडा लक्स या मापात दिसतो. तो तंतोतंत नसतो, पण घरातल्या दोन जागांची तुलना करायला पुरेसा असतो. भर उन्हात तो लाखाच्या आसपास जातो. परड्यात ढगाळ दिवशीही काही हजार दाखवायचा. सोप्यात दारापाशी दोन हजारांच्या वर. आणि माजघरात, मामंजींच्या अंथरुणाशेजारी, भर दुपारी चाळीस ते साठ! आपले डोळे अंधाराला इतक्या पटकन सरावतात की हजार आणि पन्नास यांतला फरक आपल्याला 'थोडा कमी उजेड' एवढाच वाटतो. झाडाच्या लेखी एक पोटभर जेवण, दुसरी उपासमार. ज्यांना घरात कुठलंही झाड ठेवायचं आहे त्यांनी खत-माती आणण्याआधी हे मोजून घ्यावं, असं मी अगदी आग्रहानं सांगेन.

इथं एक स्पष्ट सांगायला हवं. उजेड वाढवायची सोय नसेल, तर अरोकेरिया अंधाऱ्या खोलीत नेऊ नका. त्यापेक्षा रबराचं झाड सोसतं, ड्रॅसिना त्याहून सोसतो. आमच्या नर्सरीवाल्या काकांनीही मला तेच सुचवलं होतं आणि त्यांचा सल्ला रास्त होता. पण हे झाड आधीच घरी आलेलं होतं आणि मामंजींना ते आवडलेलं होतं. तेव्हा खोलीत उजेड आणणं हाच मार्ग उरला.

आमच्या माजघराचा अर्धा भाग माळ्याखाली आहे आणि अर्धा थेट कौलांखाली. मे महिन्यात घर शाकारायला गडी येतात, त्यांच्याकडूनच मंगळुरी कौलाच्या मापाची काचेची तीन कौलं ओळीनं बसवून घेतली. याला वासा-रीप काही हलवावं लागत नाही, एक कौल काढायचं, दुसरं ठेवायचं. जुन्या घरांत चुलीच्या वर असं एखादं कौल असायचंच. खोलीतला आकडा एकदम दोनशेच्या पुढं गेला. आणि दुपारी जमिनीवर कवडसा पडू लागला, त्याच्या आत तर मोबाइलवरचा आकडा हजारांत.

पण कवडसा एका जागी बसत नाही. बेळगाव विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळजवळ सोळा अंशांवर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा कवडसा कौलाच्या सरळ खाली. त्या मधल्या काळात, म्हणजे जूनच्या आसपास, सूर्य थोडा उत्तरेला असतो आणि कवडसा दीडेक फूट दक्षिणेकडं सरकतो, पण तेव्हा पावसाच्या ढगांत तो दिसतोच कुठं. हिवाळ्यात मात्र सूर्य दक्षिणेला खूप कलतो. आमची कौलं जमिनीपासून बाराएक फूट उंच. डिसेंबरात कवडसा उत्तरेकडं इतका लांब पडतो की जमीन सोडून भिंतीवर, छातीइतक्या उंचीवर जाऊन बसतो. मी दर महिन्याला दुपारी फरशीवर आणि भिंतीवर खडूनं खुणा करत गेले. मामंजी पडल्या पडल्या घड्याळ बघून वेळ सांगायचे. वर्ष फिरून आलं तेव्हा खोलीत सूर्याचं सगळं येणं-जाणं आखलेलं होतं.

मग सुताराकडून कुंडीखाली चाकांची लाकडी चौकट करून घेतली. आता पावसाळा संपला की झाड हळूहळू उत्तरेच्या भिंतीकडं सरकतं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत मध्यावर येतं. त्याच भिंतीला पूर्वी गडद निळा रंग होता, तो काढून पांढरा चुना दिला. खर्च नावापुरता, पण त्या बाजूच्या फांद्यांना मिळणारा उजेड डोळ्यांना जाणवण्याइतका वाढला. अंधाऱ्या खोलीतल्या भिंती पांढऱ्या करा, हा माझा सगळ्यात स्वस्त सल्ला.

तरी पावसाळ्याचे चार महिने कौलांवर विसंबून चालत नाही. इथला जुलै ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. दिवस दिवस झड थांबत नाही, दुपारी तीनला संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. त्यासाठी वीस वॉटच्या दोन साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब लावल्या. जांभळट प्रकाशाचे महागडे 'ग्रो लाइट' लागतातच असं नाही. पांढऱ्या प्रकाशात झाडाला हवं ते सगळं असतं आणि ज्या खोलीत माणूस राहतो तिथं जांभळा उजेड नकोसा होतो. महत्त्वाचं आहे ते अंतर. छताला लावलेली ट्यूब झाडासाठी जवळजवळ निरुपयोगी, तीच फांद्यांपासून हात-सव्वा हातावर आणली की आकडा हजाराच्या वर जातो. आम्ही दोन्ही ट्यूब उभ्या लावल्या, झाडाच्या दोन बाजूंना, म्हणजे खालच्या मजल्यांनाही वाटा मिळतो. वरून लावली असती तर शेंड्यानं सगळं घेतलं असतं आणि खालच्या फांद्या सावलीत राहिल्या असत्या.

सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, टायमर लावून. रात्री काळोख, कारण झाडाला आणि मामंजींना दोघांनाही विश्रांती हवी. चाळीस वॉट बारा तास म्हणजे दिवसाला साधारण अर्धा युनिट, महिन्याला पंधरा. आमच्याकडं हेही मोजून करावं लागतं. कर्नाटकात 2023 पासून गृहज्योती योजनेत महिना 200 युनिटपर्यंत घरगुती वीज फुकट मिळते, पण प्रत्येक घराची मर्यादा त्याच्या आधीच्या सरासरी वापरावरून ठरलेली असते. म्हणून घरातले जुने पिवळे बल्ब काढून ती बचत झाडाच्या ट्यूबकडं वळवली. हिवाळ्यात, कवडसा चांगला असतो तेव्हा, ट्यूब फक्त सकाळ-संध्याकाळ.

झाड व्हरांड्यातून थेट माजघरात आणलं नाही, हे त्याच्या जगण्याचं एक मोठं कारण असावं. आधी ते सोप्यात दारापाशी राहिलं, मग सोप्याच्या आतल्या कोपऱ्यात, मग माजघरात, प्रत्येक ठिकाणी काही आठवडे. भरपूर उजेडात वाढलेल्या पानांना कमी उजेडाची सवय व्हायला वेळ लागतो. तरीही अगदी खालचा मजला गेला. पानं आधी फिकट, मग तपकिरी, मग फांदीच टोकापासून वाळत बुंध्यापर्यंत आली. त्याच्या वरच्या मजल्याकडं मी रोज बघत असे. तो राहिला.

पाण्याचं गणित उजेडावर चालतं. उन्हातलं झाड जेवढं पितं त्याच्या निम्म्यानंही माजघरातलं पीत नाही. अमुक दिवसांनी पाणी घाला, असं सांगणारा कुठलाही नियम इथं उपयोगी नाही. मी बांबूची काडी कुंडीत बोटभर खोल खुपसते, ती ओलसर आणि माती चिकटलेली निघाली तर हात मागं घेते. वरची माती कोरडी, आतली जराशी ओली, ही वेळ पाण्याची. मग तळातून पाणी येईपर्यंत पोटभर घालायचं आणि ताटलीतलं पाणी ओतून टाकायचं. रोज तांब्याभर शिंपडणं सगळ्यात वाईट. मुळं खाली कुजतात आणि वर माती ओली दिसत राहते. पावसाळ्यात तर कधी कधी इतके दिवस पाणी लागत नाही की शेजारच्या काकू मला निर्दयी म्हणतात. उलट मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात दुर्लक्ष झालं की पानांची टोकं करपतात. तेव्हा पंख्याचा झोत झाडावर येणार नाही हे बघते आणि कुंडीशेजारी पाण्याचं उथळ घमेलं ठेवते.

पाणी कुठलं, यालाही अर्थ आहे. या झाडाला किंचित आंबट माती मानवते. आमच्या आडाचं पाणी जड, कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतं. म्हणून राकसकोप तलावातून येणारं नळाचं पाणी कळशीत भरून ठेवते, आणि पावसाळ्यात पागोळ्यांचं धरलेलं पाणी वापरते. त्यासारखं दुसरं काही नाही.

मातीत तांबडी माती, कोकोपीट, जुनं गांडूळखत आणि निचऱ्यासाठी भाताचं तूस व जांभ्याचा बारीक चुरा. खानापूरकडून येणाऱ्या पाहुण्यांना मिठाईऐवजी जांभ्याचा चुरा आणायला सांगणारी सून म्हणून आता माझी ओळख झाली आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. काळ्या मातीत हे झाड लावू नये, कुंडीत ती चिखल धरते. कुंडी मातीचीच, तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. खत अगदी थोडं. उजेड कमी असताना खत जास्त दिलं तर झाड उंच सुटतं, फांद्या मऊ पडतात आणि दोन मजल्यांतलं अंतर विनाकारण वाढतं. वर्षातून दोनदा मूठभर गांडूळखत, एवढंच. पावसाळ्यात काहीही नाही.

शहापुरात अजून माग चालतात. त्यांची बारीक सुती धूळ घरात कुठंही बसते, तशी या सुईसारख्या पानांवरही बसते. आधीच तुटपुंजा असलेला उजेड त्या थरात अडतो. मऊ ब्रशनं झाडणं हा एक उपाय. पण खरी आंघोळ जूनमध्ये. चांगला पाऊस लागला की घरातले दोघं-तिघं मिळून कुंडी परड्यात नेतो आणि ढगाळ दिवसभर तिथं ठेवतो. ऊन पडायच्या आत परत आणायचं, कारण सावलीत वाढलेली पानं उघड्या उन्हात काही तासांत भाजतात. त्याच वेळी प्रत्येक फांदीची बेचकी तपासून घेते. पांढरा कापूस दिसला तर तो सूत नसून पिठ्या ढेकूण असू शकतो. ओल्या फडक्यानं पुसून, निंबोळी तेलाचे दोन-चार थेंब साबणाच्या पाण्यात घालून फवारते. वेळीच सापडला तर एवढ्यानं आटोक्यात येतो.

आणि कुंडी फिरवणं. झाड उजेडाकडं कलतं, आणि एकाच शेंड्याचं झाड कललं की ते सरळ व्हायला फार वेळ घेतं. मी दर अमावास्येला आणि पौर्णिमेला कुंडी पाव फेरा फिरवते, कॅलेंडर पाहायला नको म्हणून. कधी राहिलं तर मामंजींचं लक्ष असतंच: "शेंडा भिंतीकडं कलूलाय बघ गे." कुक पाइन तर उघड्या मैदानावरही सरळ उभा राहत नाही. जगभरातली ही झाडं विषुववृत्ताच्या दिशेला कललेली असतात, असं संशोधकांनी 2017 मध्ये मोजून दाखवलं. आमचं झाड त्या जातीचं असेल तर त्याला सरळ ठेवणं जन्माचं काम आहे.

माजघरात आल्यावर पहिलं वर्ष ते जवळजवळ थांबलंच होतं. शेंडा हिरवा, बाकी काही हालचाल नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर, ट्यूब आणि कौलं दोन्ही लागल्यावर, शेंड्याच्या टोकाला पोपटी रंगाची छोटी चांदणी दिसली. नव्या मजल्याची सुरुवात. ती आधी मामंजींनीच पाहिली, आणि त्या दिवशी गल्लीतली किती माणसं ती बघायला आत येऊन गेली! नवा मजला व्हरांड्यातल्या मजल्यांपेक्षा थोडा विरळ आहे, अंतर जास्त आहे. माजघर म्हणजे व्हरांडा नव्हे, हे झाडाच्या अंगावर असं लिहिलेलं दिसतं आणि ते मला मान्य आहे. खालचे मजले टिकून आहेत, रंग गडद आहे, मला एवढं पुरतं.

दिवाळीत मुलं त्यावर कंदील अडकवायला बघतात. फांद्या नाजूक, ओझ्यानं खाली येतात त्या वर जात नाहीत. कागदाच्या चांदण्यांना परवानगी आहे.

आता पुढचा प्रश्न उंचीचा. वर अजून बरीच जागा आहे, तरी वाढ अशीच राहिली तर एक दिवस शेंडा वाशाला लागणार. तेव्हा तो छाटून चालणार नाही, झाडाची सगळी ठेवण मोडते. कापलेल्या शेंड्यापासून रोप होऊ शकतं, पण बाजूच्या फांदीपासून केलेलं रोप सरळ उभं राहतच नाही, आडवंच पसरत जातं. कुंडी बदलताना मुळं थोडी छाटून तीच कुंडी पुन्हा वापरायची म्हणजे वाढ धीमी राहील, असं नर्सरीवाल्या काकांशी बोलून ठरवलं आहे. हे काम पावसाच्या तोंडावर, जूनमध्ये. त्याआधी मेमध्ये घर शाकारायला गडी येतील तेव्हा काचेची आणखी दोन कौलं दक्षिणेच्या बाजूला बसवून घ्यायची आहेत.